पुढच्या आवृत्तीत हे नसेल

रांझीत आमच्या गल्लीच्या टोकाला एका घराला मोठं अंगण आहे, वर पत्रे टाकलेले. चातुर्मासात रोज दुपारी तिथे बायका पोथी ऐकायला जमतात. बहुतेकींचे सासरे किंवा आजेसासरे नागपूर-अमरावतीकडून या हिंदी मुलखात, इथल्या सरकारी कारखान्यात भरती व्हायला आले आणि मग इथलेच झाले. पुरुष खमरियाला कारखान्यात ड्युटीवर, मुलं शाळेत, भांडी घासून झालेली, अशी ती वेळ असते. पोथी वाचायची माझी मोठी आई.

मोठी आई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे राहते. लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हापासून पोथी तीच वाचायची. बाकीच्या बहुतेक जणी हिंदी शाळेत शिकलेल्या, त्या घरी मराठी बोलतात, पण पोथीतली जुनी मराठी म्हणताना अडखळतात. मोठी आई वर्ध्याकडच्या मराठी शाळेत शिकली होती. तिची ओवी सरळ जायची.

मी सांगते आहे त्या काळात तिला अक्षरं दिसत नव्हती. काचबिंदू. समोरचं माणूस धूसर दिसायचं, दाराची चौकट दिसायची, पण पोथीतली ओळ नाही. तरी ती वाचत होती, कारण मी केलेला एक प्रोग्राम तिच्या कानात एकेक चरण सांगायचा आणि ती तो मोठ्याने म्हणायची. त्या प्रोग्रामच्या खाली जे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं होतं, ते काढून टाकलं गेलं. कोणी वाईटपणाने काढलं नाही. मला ते थांबवता आलं नाही. एवढंच झालं. पण ते नीट सांगून बघावं असं मला वाटतं, कारण तेव्हा कोणाला नीट सांगता आलं नव्हतं.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. कॉलेज अधारतालच्या पुढे, बस बदलून जावं लागायचं. वर्गात सर विचारायचे, "समझ में आया?" आणि मी मान हलवायची. नाही समजलं म्हणायला धीर लागतो. घरी बाबा विचारायचे, "तू तिथे दिवसभर करते काय?" त्याचंही उत्तर मला देता यायचं नाही. म्हणून मला असं काहीतरी करायचं होतं, जे घरात बसून दाखवता येईल.

ओपन सोर्स म्हणजे काय हे मला तेव्हाच कळलं होतं. जगात कुठेतरी कोणीतरी प्रोग्राम लिहितं आणि तो सगळ्यांसाठी उघडा ठेवतं. घ्या, वापरा, आत काय आहे ते बघा, सुधारा. पैसे नाहीत. मला हे ऐकून आधी खोटं वाटलं. मग मी शोधत गेले आणि मजकूर वाचून दाखवणारी एक लायब्ररी सापडली. लायब्ररी म्हणजे तयार कामांचा डबा. तुम्ही फक्त नावाने हाक मारायची, "हा मजकूर बोल", की ती बोलते. भाषांच्या यादीत खूप खाली मराठी होती.

मी पोथीचा मजकूर चरणाचरणात तोडला. स्पेसची मोठी पट्टी दाबली की पुढचा चरण. मोठ्या आईच्या बोटाला ती पट्टी न बघता सापडायची.

पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तिने इअरफोन कानातून काढून बघितला, जणू आत कोणी आहे.

"कोण आहे हा? सर्दी झाली त्याला."

"मशीन आहे, मोठी आई. माणूस नाही."

तिने परत कानात घातला, ऐकलं आणि म्हणाली, "सर्दी आहे, पण आहे आपल्याकडचा. ळ बरोबर म्हणून राहिला."

अंगणात नेलं त्या दिवशी तिने लॅपटॉप पोथीशेजारी पाटावर ठेवायला लावला आणि त्यालाही हळदकुंकू लावलं. बायकांना गंमत वाटली. "अच्छा, आता पोथीला पण करंट लागते!" एक जण म्हणाली. मोठी आई म्हणाली, "डोळ्याने तुम्ही वाचा. मी कानाने वाचते." आणि सुरू झाली. एक चरण कानात, एक चरण तोंडाने. थोड्या वेळाने कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. मी खांबाजवळ बसून ऐकत होते, आणि मला वाटलं, कॉलेजात मी हेच करते, असं आता बाबांना सांगता येईल.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहून गेली होती. मी नवशिकी. पोथीचा मजकूर आणि संगणक प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी जे इशारे काढतो ते, दोन्ही मी एकाच वाटेने आवाजाकडे पाठवले होते. त्यामुळे रोज अध्याय सुरू व्हायच्या आधी तो सर्दीवाला आवाज मराठी उच्चारात एक लांबलचक इंग्रजी वाक्य म्हणायचा. मग ओवी. मला हे माहीत नव्हतं. मोठ्या आईनेच विचारलं.

"सुरुवातीला तो काय म्हणते गं?"

"काय म्हणते?"

"इंग्रजीत काहीतरी. मी त्या वेळात पदर नीट करते, बायका हात जोडतात. त्यांना वाटते मी मनात काही म्हणून राहिली."

मी इअरफोन लावून ऐकलं. ते वाक्य मी वाचलेलं होतं, कधीतरी पडद्यावर, आणि पुढे गेले होते. त्याचा अर्थ असा की तुम्ही ज्या नावाने हाक मारता आहात ती पद्धत आता जुनी झाली आहे, ती वापरू नका, पुढच्या एखाद्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात येईल.

मी तिला तसंच सांगितलं.

"कधी काढणार?"

"तारीख नाही सांगितली."

"आणि मग?"

"मग दुसरी नवीन पद्धत आहे. ती वापरायची."

"तर वापर ना."

त्या नव्या पद्धतीत मराठी नव्हती. त्या लायब्ररीत आवाज चढवायची जुनी सोय होती, तिच्यावर पूर्वी कोणीतरी मराठीचा आवाज बसवला होता. नवी सोय आली, तेव्हा मोठ्या भाषांचे आवाज त्या त्या लोकांनी नव्या सोयीवर आणले. मराठीवाला माणूस तोवर कुठे गेला कोण जाणे. कित्येक वर्षांत त्याचा काही पत्ता नव्हता. जुनं दार बंद झालं की मराठी आतच राहणार, असं ते होतं. हे सगळं मी मोठ्या आईला सांगायला लागले आणि मध्येच माझे मलाच शब्द सापडेनात.

बाबा जेवत होते. ते म्हणाले, "म्हणजे कंडम होऊन राहिलं."

कारखान्यात जुनं झालेलं सामान काढायचं ठरतं त्याला कंडम म्हणतात. मी म्हटलं, हो, तसंच.

"मग काय घाबरते? आमच्याकडे कंडम झालेला माल यार्डात पडून राहते. वर्षानुवर्षं. लागलं तर आणते कोणी उचलून."

मोठी आई हसली. "रोज सांगून तर राहिलं बिचारं. न सांगता जाणारे काय कमी असतात?"

मी ते वाक्य बंद करायला गेले तर ती नको म्हणाली. तेवढ्या वेळात बायका स्थिरावतात, म्हणे. ते चातुर्मासभर तसंच चाललं. रोज दुपारी रांझीच्या एका अंगणात डझनभर बायका हात जोडून गप्प बसायच्या आणि एकीच्या कानात इंग्रजीत इशारा वाजायचा.

हिवाळ्यात ती लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी त्यांच्या पानावर एक सूचना लावली. सांभाळणारे म्हणजे दोघेच होते, दोन वेगळ्या देशांतले. नोकऱ्या सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ते हे करायचे. त्यांनी लिहिलं होतं की जुन्या आवाजांची सोय आम्ही पुढच्या आवृत्तीत काढत आहोत. तिच्यामुळे बाकी सगळं अडतं आहे, आणि तिच्यातली चूक दुरुस्त करणारं आता कोणी उरलेलं नाही. कोणी अजून वापरत असेल तर इथे सांगा.

कोणी अजून वापरत असेल तर. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मी वापरत होते. पण तिथे लिहिणारे सगळे असे लोक होते, ज्यांचं इंग्रजी सरळ धावतं. मी एका रविवारी सकाळी लिहायला बसले ते दुपार झाली. आधी खूप लिहिलं. मोठी आई, पोथी, काचबिंदू, सगळं. मग लाज वाटली, ते पुसलं. मग वाटलं, तेच नाही लिहिलं तर त्यांना कसं कळणार, आणि परत लिहिलं. शेवटी तीन-चार ओळी राहिल्या. माझ्या घरातली एक बाई, तिला दिसत नाही, ती या आवाजाच्या मदतीने मराठीतून वाचते, कृपया काढू नका. आधी कोणालाच काही न विचारलेली मी, जगासमोर कृपया म्हणून बसले होते.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. एकाने लिहिलं की हे वाचून आम्हाला फार आनंद झाला, आपण केलेलं कुठे पोचतं ते आम्हाला कधी कळतच नाही. त्याने खाली हसऱ्या चेहऱ्याचं आणि हृदयाचं चित्र टाकलं होतं. मग लिहिलं होतं की तरीही आमच्याच्याने ही सोय ठेवणं होणार नाही. आम्हा दोघांनाही मराठी येत नाही, त्या आवाजात काय बरोबर, काय चूक, हे आम्ही तपासू शकत नाही. पण तुम्ही मराठीचा आवाज नव्या सोयीवर आणत असाल तर आम्ही जरूर घेऊ. लागतील ते अधिकार तुम्हाला देतो. काही अडलं तर विचारा.

त्यांनी नुसतं नाही म्हटलं असतं तर मला राग तरी धरता आला असता. त्यांनी सगळं माझ्या हातात ठेवलं.

मी जुन्या मराठी आवाजाचा कोड उघडला. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं त्याच्याशी त्याचं काही नातं आहे असं दिसत नव्हतं. आकड्यांचे लांबच लांब तक्ते. कोणत्या अक्षराला जीभ कुठे, श्वास किती, आवाज कुठून कुठे सरकतो. एका ठिकाणी मात्र तो लिहिणाऱ्या माणसाने रोमन अक्षरांत, पण मराठीत, स्वतःसाठीच लिहून ठेवलं होतं: "चमच्यातला च अजून नीट येत नाही, नंतर बघू." ते वाचून मला एकदम तो माणूस शेजारच्या घरातला वाटला. त्याला शोधायचा प्रयत्न केला. जो मेलचा पत्ता होता त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं.

आमच्या लॅबच्या सरांना दाखवलं. ते चांगले आहेत, त्यांनी खुर्ची ओढून बघितलं. थोडा वेळ वर-खाली करून म्हणाले, "बेटा, ये तो पूरा रिसर्च का काम है. तुम पहले अपना सेमिस्टर देखो." मी तरी होळीपर्यंत रोज थोडं बसत होते. मला नव्या सोयीतून मराठीचा एक अ काढता आला. तो अ सुद्धा दुखल्यासारखा यायचा. त्या दोघांना मी प्रश्न विचारत होते, ते उत्तर देत होते, आणि त्यांच्या उत्तरातले शब्द समजून घेण्यात माझा पुढचा आठवडा जायचा. मग परीक्षा आल्या.

उन्हाळ्यात त्यांनी ते काढलं. काय बदललं हे तिथे सगळ्यांना दिसतं. काढलेल्या ओळी लाल दिसतात, प्रत्येकीपुढे उणेचं चिन्ह. मी मोबाइलवर बोटाने सरकवत होते, लाल संपतच नव्हतं. ते तक्ते लाल, चमच्यातला च लाल. खाली दोन-तीन लोकांनी शाबासकीचे अंगठे दिले होते, इतका जुना कचरा साफ झाला म्हणून. त्यांचं चुकीचं नव्हतं. माझं नाव घेऊन त्या दोन सांभाळणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं होतं, माफ कर, पण दार उघडं आहे.

माझ्या लॅपटॉपवर मात्र जुनंच होतं आणि ते चालत होतं. मी इंटरनेटवरून काहीही नवीन घ्यायचं नाही असं ठरवून टाकलं. बाबांच्या यार्डातल्या मालासारखं ते माझ्याकडे पडून राहील, असं मला वाटत होतं.

आषाढात मोठ्या आईने संकल्प सोडला. आमच्याकडे असं आहे की जिने पळीभर पाणी सोडून संकल्प केला, तिनेच ती पोथी शेवटच्या अध्यायापर्यंत न्यायची. ऐकायला कोणी आलं नाही तरी चालतं, पण वाचणारी बदलत नाही. पाणी सोडून झाल्यावर ती बायकांना म्हणाली, "हे माझं शेवटचं हं. पुढच्या वर्षी दुसरी कोणी धरा. पण हे मला पूर्ण करू द्या." बायका म्हणाल्या, असं काहून बोलता. पण तिने ते विचार करून म्हटलं होतं. तिला आता दाराची चौकटही नीट दिसत नव्हती.

नारळी पौर्णिमेच्या आसपास एके सकाळी लॅपटॉप उघडला तर पडदा काळा आणि आतून टिकटिक. मेन रोडवरच्या दुकानातल्या भैयाने कानाजवळ धरून ऐकलं. "हार्डडिस्क गई, दीदी. नई डल जाएगी, पर अंदर का कुछ नहीं बचेगा." पोथीचा मजकूर माझ्या मेलमध्ये होता, माझा प्रोग्रामही होता. खालची लायब्ररी कोण जपून ठेवतं? ती तर कधीही मिळते.

भैयाने नवी डिस्क घातली, नवी सिस्टिम घातली. लायब्ररी नवी आली. यादीत मराठी नव्हती.

मोठ्या आईला मी म्हटलं, एक-दोन दिवस दे. अंगणात तिने निरोप पाठवला की मशीन आजारी आहे. बायकांनी भजनं म्हटली.

मी त्या दोघांना लिहिलं. त्यांनी तासाभरात जुन्या आवृत्तीचा दुवा दिला. ओपन सोर्समध्ये काही हरवत नाही. जे जे काढलं ते सगळं मागे ठेवलेलं असतं, तारखेसकट. लाल झालेली प्रत्येक ओळ तिथे होती. फक्त ते चालत नव्हतं. जुन्या लायब्ररीला खाली आणखी एक जुनी लायब्ररी हवी होती, तिला तिच्याखालची जुनी, आणि नवी सिस्टिम म्हणत होती की यातलं मी कोणालाच ओळखत नाही. एक चूक मिटवली की पडद्यावर दुसरी. त्या दोघांपैकी एकाने सांगितलं, अमुक करून बघ. केलं. मग तमुक. केलं. मग त्याने लिहिलं, आता मलाही आठवत नाही, तेव्हा हे कसं चालायचं. आज बसले तर कदाचित मला जमेल. त्या श्रावणात नाही जमलं.

लॅबमधले सर म्हणाले, हिंदी की आवाज लगा दो, लिपी तो एक ही है. मी लावून बघितली. नवी हिंदी बाई फार गोड बोलायची, बातम्या देतात तशी. मोठ्या आईने पाच-सहा ओव्या ऐकल्या आणि इअरफोन माझ्या हातात दिला. "चांगली आहे. पण ही पोथी वाचून नाही राहिली, पोथीवरून चालून गेली."

मग मी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचं ठरवलं. हे आधी का नाही सुचलं, असं कोणी विचारेल. सुचलं होतं. पण माझं वाचन बाकीच्या जणींसारखंच अडखळणारं, आणि दुपारी माझी प्रॅक्टिकल्स असायची, म्हणून शेजारी बसून सांगणंही शक्य नव्हतं. आता इलाज नव्हता. रविवारी मी एक पूर्ण अध्याय म्हटला. चरण म्हटला की थांबायचं, पुढचा म्हटला की थांबायचं. आमचं घर दोन खोल्यांचं, कुठे बसणार? जिथे बसले तिथे घर चालू होतं. एक चरण चुकला तर परत म्हणायची, तोवर संध्याकाळ झाली आणि घसा बसला. तोडून जोडून मी ते त्या स्पेसच्या पट्टीवर बसवलं. ऐकून तपासायला हवं होतं. तेवढं राहिलं नव्हतं माझ्यात.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, म्हणून मीही अंगणात गेले. बायका खूश होत्या. "चलो, गाडी सुधरली!" मोठी आई पाटावर बसली, पट्टी दाबली आणि सुरू झाली. दोन-तीन ओव्या सरळ गेल्या. मग ती थांबली आणि बायकांकडे वळून म्हणाली, "पोरीचा घसा बसला आहे. ऐकू येते मला." बायका हसल्या. परत पट्टी. परत ओव्या. मग तिने मान वाकडी केली. "कुकर झाला." पुन्हा हशा. मी खुणेने म्हणत होते, पुढे चल, पण तिला खुणा दिसत नाहीत.

पुढे गेली. तिची सवय अशी होती की कानात येईल ते तोंडातून जायचं, मध्ये विचार नाही. तसंच ते वाचन चालायचं. एका ओवीचे दोन चरण झाले आणि तिसऱ्याच्या जागी तिने, त्याच लयीत, त्याच भक्तीने, खणखणीत म्हटलं, "दार लाव गं, मांजर दुधावर येते."

माझ्या आईचा आवाज रेकॉर्ड झाला होता.

दाराजवळ बसलेली एक जण उठली आणि तिने खरंच अंगणाचं दार लावलं.

मग जे हसू सुटलं ते कोणाला आवरेना. दार लावणारी स्वतः पदर तोंडाला लावून हसत होती. मोठी आई सगळ्यांत जास्त हसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पण हसले. हसत हसत तिने परत पट्टी दाबली. कानात चरण आला असणार. तिचे ओठ हलले आणि काही निघालं नाही. तिने परत दाबली. परत. आता चरण पुढे पुढे जात होते आणि ती मागे राहिली होती. हसू हळूहळू थांबलं. मी जाऊन तिच्याशेजारी बसले, अध्यायाच्या सुरुवातीला नेऊन दिलं. ती हळूच म्हणाली, "मशीनचा आवाज मध्ये येत नव्हता गं. तुझा येते. तू थकली ते ऐकू येते, आई रागावली ते ऐकू येते. मी घरीच जाऊन बसते. पोथी कशी वाचू?"

मी म्हटलं, मी पुन्हा करते, कॉलेजच्या लॅबमध्ये बसून, शांततेत. ती म्हणाली, "किती अध्याय राहिले, माहीत आहे ना?" मला माहीत होतं. एका अध्यायाला माझा एक रविवार गेला होता.

आमच्या गल्लीत एक बाई राहतात, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं इथे फार जुनं, मराठ्यांच्या वेळेपासूनचं. त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी स्वच्छ. त्या कधी मध्ये बोलत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही म्हणत असाल तर मी वाचते. संकल्प तुमचाच राहील. शेवटचा अध्याय तुमच्याच तोंडून होऊ दे. तेवढ्यापुरतं काही ना काही करू."

मोठी आई म्हणाली, "तेवढ्यापुरतं नको. वाचणारी एकच असावी." तिने चाचपडत पोथी उचलली, कपाळाला लावली आणि बाईंच्या मांडीवर दिली. मग पाटावरून उठायला लागली. मी हात द्यायच्या आधी दोघी जणी पुढे झाल्या. तिला मागच्या ओळीत, भिंतीला टेकता येईल अशी जागा करून दिली. बाई सरळ, न थांबता वाचू लागल्या. लॅपटॉप समोरच्या पाटावरच उघडा होता, तो मी बंद केला.

संध्याकाळी मोठी आई भाजी निवडायला बसली होती, बोटांनी चाचपून देठ काढत. मी लॅपटॉप उघडला तर त्या दोघांपैकी एकाचा निरोप होता. तुमच्या घरातल्या बाईंचं काम झालं का? आम्हाला काळजी वाटते आहे.

मी तिला वाचून दाखवलं.

"कुठचे लोक आहेत हे?"

"दूरचे. बर्फ पडते तिथले."

"आणि आपली विचारपूस करून राहिले." तिने एक देठ मोडून बाजूला टाकला. "लिही त्यांना, वाचून झालं."

"पण नाही झालं ना, मोठी आई."

"त्यांना काय करायचं आहे खरं कळून? उगाच जिवाला लावून घेतील. लिही, झालं म्हणून. धन्यवाद लिही."

मी इंग्रजीत "होय" एवढं लिहिलं आणि तिथेच थांबले. खोटं लिहिणं जमेना. खरं लिहावं तर ते पुन्हा माफी मागणार, पुन्हा दार उघडं आहे म्हणणार, आणि त्या दारातून आत जाण्याएवढं माझ्याकडे काही नव्हतं. मी तो एक शब्दही पुसून टाकला. उद्या लिहू म्हटलं. उद्याही सुचलं नाही.

त्या पानांवर अशी एक व्यवस्था असते की कोणी बरेच दिवस काही लिहिलं नाही, तर प्रश्न आपोआप बंद होतो. माणूस बंद करत नाही, एक प्रोग्रामच करतो. पोथीची समाप्ती झाली, बाईंनी शेवटचा अध्याय वाचला, मोठी आई भिंतीला टेकून ऐकत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत मला त्या प्रोग्रामचा निरोप आला. यावर काही हालचाल नाही, म्हणून हा प्रश्न बंद करत आहोत. अजूनही अडचण असल्यास नवीन प्रश्न मांडा.